पूर्ण एक मिनिट

मोठ्या सिस्टर पेशंटचे श्वास चोरून मोजत. नाडी बघितल्यासारखं मनगट धरायचं आणि तिरकी नजर छातीवर ठेवायची. "मोजतोय हे कळलं की माणूस श्वाससुद्धा शहाण्यासारखा घेतो," त्या म्हणत. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करणं त्यांना चालत नसे.

खडकीतल्या त्या इस्पितळात मी नवी होते. न मोजताच सगळ्यांच्या नावापुढे वीस लिहून टाकायचे. एका सकाळी सिस्टरांनी माझे कागद सगळ्यांसमोर वाचले. "तापाच्या मुलीचे वीस, दम्याच्या बाईंचे वीस, बारा नंबरच्या आजोबांचेही वीस. ते पहाटेच गेले. आपल्याला कळवलं नाही वाटतं त्यांनी?"

कुणी हसलं नाही. त्या दिवसापासून मी मोजायला लागले, पण त्या मला आवडेनाशा झाल्या.

मग साळवेकाका आले. दारूगोळा कारखान्यातून निवृत्त, फुप्फुसं वर्षानुवर्षं खंगलेली. मिनिटाला तीस श्वास, तरी ऑक्सिजन दोनच लिटर. काकू हात जोडत, "थोडा वाढवा ना." सिस्टर म्हणत, "नाही." कारण सांगत नसत. मला त्या दगड वाटल्या. दुपारी त्या जेवायला गेल्या, तेव्हा मी ऑक्सिजन सहावर नेला.

थोड्या वेळाने काका शांत झोपले. काकूंनी माझ्या गालावरून हात फिरवला.

सिस्टर परत आल्या आणि काकांचं मनगट धरून पूर्ण मिनिट उभ्या राहिल्या. "आठ," त्या म्हणाल्या. "हे झोपलेले नाहीत." डॉक्टरांना बोलावून, ऑक्सिजन कमी करता करता त्या माझ्याशी हळू आवाजात बोलत होत्या. "अशा माणसाचं शरीर ऑक्सिजनच्या भुकेवर श्वास घेतं. आपण भूकच मारलीत. आता रक्तात कार्बन डायऑक्साइड साठलाय, मेंदू गुंगलाय."

तिसऱ्या दिवशी काका अतिदक्षता विभागात वारले. सिस्टरांनी मला दंडाला धरून काकूंपुढे उभं केलं. "काय केलंत ते सांगा."

मी सांगितलं. काकू म्हणाल्या, "पण त्या दुपारी निवांत झोपले तरी ना गं?"

मी मान डोलावली.

"खोटं नको," सिस्टर मागून म्हणाल्या.

"नाही काकू," मी म्हणाले. "बेशुद्ध होते."

काही वर्षांनी सिस्टर निवृत्त झाल्या. गेटपर्यंत सोडायला मीच गेले. न राहवून विचारलं, "काकूंना तेवढं समाधान तरी का ठेवू दिलं नाहीत?"

"ते त्यांना नव्हे, तुम्हाला ठेवू द्यायचं नव्हतं," रिक्षात बसत त्या म्हणाल्या. "चांगल्या नर्स झालात तुम्ही. एकाच माणसावर शिकलात. मला दोन लागली होती."