नाव घातलेला माल

भांड्यांवर नावं घालणारा सुपडू शनवारा बाजारात विनायकशेठच्या भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसतो. बावीस वर्षं झाली. लग्नसराईत त्याची विजेवर चालणारी सुई दिवसभर घरघरत असते. सुई टेकवली की धातू त्याला लगेच कळतो. चांगलं स्टील घट्ट राहतं, हलक्या प्रतीचं थरथरतं.

अलीकडे दुकानात येतं ते बहुतेक थरथरणारंच. वर चकचकीत चिकटपट्टी: 'शुद्ध स्टील, गंजणार नाही, आजीवन हमी'. कोणाचं आजीवन, देव जाणे. कारखान्याचं नाव नाही, पत्ता नाही. असली लेबलं पाहिली की मला शिसारी येते. त्याहून जास्त शिसारी शेठच्या औदार्याची. माल घेतला रे घेतला की तो म्हणतो, नाव फुकट घालून देतो. गिऱ्हाईक खूश. नाव घातलेला माल परत घेत नाहीत, हे बिचाऱ्याला मागाहून कळतं.

तुकईथडच्या मालूबाईंनी नातीच्या लग्नासाठी एकवीस भांडी घेतली. त्यांना वाचता येत नाही, म्हणून लेबल सुपडूकडूनच वाचून घेतलं. लेबलावर होतं तसं त्याने वाचलं. पायरीवरून हाकलला जाईन या भीतीने पुढे एक शब्द बोलला नाही. मग सगळ्या भांड्यांवर 'रंजिताला आजीकडून' असं सुरेख अक्षरात घातलं. एकवीसच्या एकवीस भांडी सुईखाली थरथरली.

दोन महिन्यांत मालूबाई एक पातेलं घेऊन परत आल्या. बुडाशी तांबडा गंज चढला होता. आजीने भंगार गळ्यात मारलं, असं रंजिताच्या सासूने चारचौघांत ऐकवलं होतं. मालूबाईंना भांडी बदलून हवी होती. शेठने पातेलं फिरवून नावावर बोट ठेवलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. लाज नावाची चीज त्याच्याकडे कधीच नव्हती.

मालूबाई भांडल्या नाहीत. दुकानातून बाहेर येऊन पायरीवर सुपडूजवळ बसल्या.

"भाऊ, तुले त सुई लावताच समजलं असन ना?"

सुपडूने मान खाली घातली. "समजलं होतं, मावशी."

 मालूबाईंनी पातेलं त्याच्या पुढ्यात सरकवलं.

"मंग याच्यावरचं 'आजी' तेवढं खोडून दे."

 सुपडूने सुई चालू केली. दुसरं अक्षर खोडताना ती पत्र्यातून आरपार गेली.