खाली गेल्यावर बोलू

हिमालयातली माणसं म्हैसमाळला डोंगर म्हणणार नाहीत, शेताचा बांध म्हणतील. पण आम्हा तिघांना खडकाळ उतारावरून सायकल सोडायला त्याच बांधानं शिकवलं. तिघं एका वर्गातले. एक पुढं वकील झाला, एक कॉलेजात मास्तर, मी बँकेत. रविवारी सायकली घेऊन वर जायचं आणि मागच्या पायवाटेनं मुरमाची धूळ उडवत खाली यायचं, बस.

उतारावर गप्पा होत नाहीत. पुढच्याची धूळ बसेपर्यंत अंतर ठेवावं लागतं, आणि तोंड उघडलं की दातांत माती. वळणावर नुसतं "आलोऽऽ" ओरडायचं, म्हणजे पुढच्याला कळतं की मागचा धड आहे. त्यामुळं चढताना कुणी गंभीर काही काढलं की बाकीचे म्हणायचे, "खाली गेल्यावर बोलू." आणि खरंच बोलायचो. पायथ्याच्या टपरीवर, हेल्मेट मांडीवर, धाप लागलेली. मास्तरच्या वडिलांचं दुखणं, माझं मोडलेलं लग्न, सगळं तिथंच. घरी जे कुणाला सांगता यायचं नाही ते तिथं भडाभडा निघायचं.

मग एका वर्षी हिमालयात, स्पितीला गेलो. किती वर्षं नुसतं "जाऊ, जाऊ" चाललं होतं! सायकली जीपच्या टपावर बांधून खिंडीकडं चढत होतो, तेव्हा वकील म्हणाला, "तुम्हा दोघांना एक सांगायचंय रे."

"खाली गेल्यावर!" मी लगेच ओरडलो.

"व्हय बाबा, खालीच," तो हसला.

वर पोचलो आणि मास्तर ओकायला लागला. वकिलाचं डोकं फुटायला आलं होतं. ड्रायव्हर म्हणाला, हवा विरळ आहे, या दोघांना आत्ताच खाली न्यायला पाहिजे. मीही जीपमध्ये बसायला निघालो, तर वकील भडकला. "येडा का तू? एवढ्या लांब कशाला आलो आपण? तू तरी सायकलनं उतर!"

मी उतरलो. असला उतार मी जन्मात पाहिला नव्हता. झाड नाही, माणूस नाही, नुसते दगड आणि वारा. पहिल्या वळणावर सवयीनं "आलोऽऽ" ओरडलो आणि भ्यालोच, कारण ऐकायला कुणी नव्हतं. तरी हळूहळू भीती गेली. मी मोठ्यानं हसायला लागलो. खाली गेल्यावर या दोघांना काय काय सांगायचं, ते मनात जुळवत होतो.

खालच्या गावात ढाब्यावर दोघं घोंगडी पांघरून बसले होते. मी तासभर तरी बडबडलो असेन. मग म्हटलं, "हां वकीलसाहेब, बोला आता."

त्यानं मास्तरकडं पाहिलं. "काही नाही रे, विशेष काही नव्हतं. चहा घे."

मी घेतला.

पुढं काही महिन्यांनी सिडको वसाहतीत त्याच्या गल्लीतून जात होतो, तर दारात टेम्पो उभा. कपाट, गाद्या, आणि सगळ्यांवर उलटी बांधलेली त्याची सायकल. त्याचा काडीमोड झाला होता आणि तो नागपूरला भावाकडं कायमचा चालला होता. दोरी आवळत होता मास्तर. त्याला सगळं ठाऊक होतं. माझं डोकंच फिरलं. मास्तरला बाजूला ओढून विचारलं, "मला का नाही सांगितलं?"

"जीपमध्ये लई रडला तो," मास्तर खालच्या आवाजात म्हणाला. "तुला सांगणारच होता. पण तू काय हसत खाली आलास, लेका! मला म्हणाला, राहू दे, याचा आजचा दिवस कशाला खराब करायचा."

आता मास्तरचे गुडघे गेलेत. वकिलाचा सणावाराला फोन येतो, टायरबद्दल, पावसाबद्दल बोलतो. म्हैसमाळला मी एकटाच जातो. वळणावर अजून ओरडतो, गुराख्यांना वाटतं डोकं सरकलंय माझं. लई एकटं वाटतं, खोटं कशाला बोलू.

परवाच्या रविवारी टपरीवर बसलो, हेल्मेट मांडीवर घेतलं, आणि धाप लागलेली असतानाच नागपूरला फोन लावला.

"काय रे, उतरलास का?" वकील म्हणाला.

"उतरलो," म्हटलं. "तो दिवस खराब झाला असता तर चाललं असतं मला."

तिकडं दार लावून घेतल्याचा आवाज आला, मग खुर्ची ओढल्याचा. फोन त्यानं ठेवला नाही.