सप्तपर्णीचा चीक

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी दारात उभी राहून चपला पायांत सरकवत होते. तिच्याकडंच निघाले होते. फोन प्रसादचा, तिच्या मुलाचा. ‘मावशी, झालं,’ एवढंच म्हणून त्यानं तो ठेवून दिला. महिना उलटून गेला, पण मला अजून घरात बसवत नाही, आणि बाहेर पडलं की कुठं जायचं ते सुचत नाही. दूध गॅसवर ठेवून मी गच्चीवर जाते आणि वर गेल्यावर आठवतं... दूध.

अक्का माझी थोरली बहीण. तीही कधी एका जागी टेकणारी नव्हती. बँकेतून निवृत्त झाल्यावर रोज सकाळी आपल्या घराभोवतीच्या विजयनगरच्या रस्त्यांवर फिरायला जायची आणि मला ओढून न्यायची. फिरणं कसलं, दर चार पावलांवर थांबणं. फुलावरून झाड ओळखणाऱ्यांना ती जमेतच धरत नसे. फुलं पाहुणी, पानं घरची, असं तिचं म्हणणं. पान हातात आलं की आधी कड बघायची, मग शिरा, मग देठ, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे ते डहाळीला कसं जोडलंय. कडुलिंबाची आपण ज्यांना पानं म्हणतो ती एकाच पानाची दलं, हे मला युगादीला कडुलिंब-गूळ खातानाही ऐकावं लागे. आमचं घराणं पूर्वी कापड रंगवणाऱ्या-छापणाऱ्यांचं. आजोबांचा एक लाकडी ठसा तिच्या शोकेसमध्ये होता. त्यावरचं नक्षीदार पान कुठल्याच झाडाला येत नाही, असं ती आल्यागेल्याला सांगायची. आजोबांनाही तिनं सोडलं नाही.

पोटाच्या दुखण्यानं ती दवाखान्यात दाखल झाली आणि तपासण्यांचे निकाल आले, तेव्हा प्रसादनं ठरवलं की अम्माला आजाराचं नाव सांगायचं नाही. आमच्यात हे मायेनंच करतात. मग जो तो तिच्या उशाशी बसून अल्सर, अल्सर म्हणायला लागला. अक्का ‘हौदा? असं का?’ म्हणायची आणि खिडकीबाहेर बघायची.

खिडकीतून एका झाडाचा फक्त शेंडा दिसायचा. पानांचे गोल गोल झुबके. सप्तपर्णी की सावर, यानं तिला छळलं होतं, आणि तिनं मला. औषधं आणायची, डॉक्टरांना गाठायचं, त्यात बाईंना पान हवं. चिडूनच मी खाली गेले आणि झाडाखालचं एक पान उचलून आणलं. तिनं ते उलटंपालटं केलं.

‘सुम्ने, उगाच एक बोट घेऊन आलीस. हात कुठाय?’

सावरीच्या एका लांब देठाच्या टोकाला पाच-सात दलं असतात, पंजासारखी. सप्तपर्णीची पानं वेगवेगळी, प्रत्येक पान थेट डहाळीवर बसलेलं. दोन्ही दुरून सारखीच. सुटं पान बघून काही कळायचं नाही. दुसऱ्या दिवशी माळी फांद्या छाटत होता. त्यातली एक ताजी डहाळी पदराखाली लपवून मी रखवालदारासमोरून वर नेली.

अक्कानं पानं जिथं जुळतात तिथं बोट फिरवलं. एक पान तोडलं. पांढरा चीक तिच्या बोटांवरून माझ्या हातावर आला. ‘सप्तपर्णी,’ ती म्हणाली. किती दिवसांनी तिचा चेहरा सैल झालेला दिसला. प्रसाद खाली औषधांच्या रांगेत होता.

‘झाडाचं कळलं,’ ती म्हणाली. ‘आता माझ्या पोटातल्याचं नाव सांग.’

मी सांगितलं. पसरलंय का, असं तिनं विचारलं आणि मी होकाराची मान हलवली. माझा हात डोळ्यांकडं गेला, तो तिनं मनगटाला धरून थांबवला.

‘त्या हातानं पुसू नको गं. चीक आहे, डोळे जळतील.’

त्याच संध्याकाळी तिनं डॉक्टरांना सरळ प्रश्न विचारले, तेव्हा प्रसादला कळलं. तो माझ्यावर ओरडला नाही, बोलायचाच थांबला. मी बरं केलं की वाईट, ते माझं मला आजही ठरवता येत नाही. पुन्हा विचारलं असतं तर पुन्हा सांगितलं असतं, एवढं मात्र नक्की.

तेराव्यानंतर मी गेले तेव्हा तो तिचं कपाट आवरत होता. वर न बघता म्हणाला, ‘मी फुल टाइम बाजूलाच होतो, मावशी. मला एकदा पण विचारलं नाही अम्मानं. तुलाच का?’

मी तशीच निघून आले. उत्तर सुचलं ते परतीच्या बसमध्ये. तिनं त्याला विचारलं नाही, कारण त्याला तिच्या तोंडावर खोटं बोलावं लागलं असतं. तिला केव्हाच कळलं होतं. त्याचं ते अल्सर ती त्याच्यासाठी ऐकून घेत होती.

रविवारी तो घर बंद करून बेंगळुरूला परत जाणार आहे. बसमध्ये सुचलेलं हे त्याला सांगायला मी रोज निघते, आणि रोज विजयनगरच्या सर्कलपासून परत फिरते.