साठवर धरलेली गाडी

गाडी उभी राहिली की ड्रायव्हरचं तोंड सुरू होतं. वाशीच्या आमच्या टॅक्सी स्टँडवर आम्ही चालतो कमी, उभे राहतो जास्त. त्यामुळे किस्से साठत जातात. त्यातले हे सुनीताच्या क्रूझ कंट्रोलचे.

*

सुनीता करंजाड्याची. नवी गाडी घेऊन आली आणि नंबर मागितला. नंबर म्हणजे रांगेतली जागा. तो नसेल तर स्टँडवरचं भाडं मिळत नाही. आणि तो नुसता मागून मिळत नाही. नवा माणूस गाडी चालवतो, सगळ्यात जुना ड्रायव्हर मागे डोळे मिटून बसतो आणि हात कसा आहे ते सांगतो. सगळ्यात जुना मी.

ती म्हणाली, "आप्पा, माझ्या गाडीत क्रूझ कंट्रोल आहे. साठवर लावला की पाय काढायचा. गाडी साठ सोडत नाही."

आमच्याच रांगेतला शिरवण्याचा म्हात्रे बाजूला उभा होता. "गारी आपली आपनच चालतं, मंग नंबर हिला देयाचा का गारीला?"

सगळे हसले. ती हसली नाही.

*

पाम बीच रोडला गेलो. म्हात्रे पुढे बसला, मी मागे, डोळे मिटून. तिने बटण दाबलं. थोड्या वेळाने मी म्हणालो, "सत्तावन्न."

"मीटरवर साठ आहे, आप्पा."

म्हात्रेने मोबाइलवर स्पीड बघितला. सत्तावन्न. माझा कान चुकत नाही.

"तुझं मशीन खोटं बोलतं."

"मशीन नाही, मीटर. तो तीन जास्त दाखवतो. पण आप्पा, इतका वेळ झाला, तीनचा फरक वाढून चार झाला का?"

झाला नव्हता. तरी मी नंबर दिला नाही. "बघू," म्हणालो.

*

परत येताना पूल लागला. चढावर गाडी दोन-तीनने पडली, मग इंजिन ओरडलं आणि पुन्हा सत्तावन्न. उतारावर एकसष्ट.

"चढाला दमली, उताराला सुटली," मी म्हणालो. "आता बोल."

"उताराला ती ब्रेक मारत नाही, आप्पा. ते काम माझं."

"हो, पाय ठेवलास ब्रेकवर, दिसला."

म्हात्रे मागे वळला. "आप्पा, तुमी डोला उघरला."

"एकच उघडला," मी म्हणालो.

*

पुढे पंधरा दिवस ती रस्त्यापलीकडे गाडी लावून आमच्या रांगेकडे बघत बसायची. शेवटी म्हात्रेच तिच्याकडे गेला. म्हणाला, मला चालवून बघू दे.

हायवेवर त्याने दहा वेळा क्रूझ लावला, दहा वेळा निघाला. ब्रेकला पाय लागला की तो बंद होतो, आणि म्हात्रेचा पाय ब्रेकवरून हटेना.

"दादा, पाय खाली ठेवा ना."

"तीस वरसं त्याला काम देलंय. आता बस सांगितलं तं ऐकल का तो?"

परत आला आणि मला म्हणाला, "पोरगी चांगली हाय, आप्पा."

"मशीन चांगलं आहे," मी म्हणालो. "पोरीचं अजून कळलेलं नाही."

*

हे तिच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आप्पा, आज तुम्ही चालवा. क्रूझ नको, पायाने साठ धरा. मी मागे डोळे मिटून बसते."

असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. चावी घेतली. म्हात्रे भाड्यावर गेला होता, आम्ही दोघंच. मीटर माझ्यासमोर. तिचं खरं की खोटं, मलाच कळणार होतं.

"साठ," ती म्हणाली. बरोबर.

"एकसष्ट." बरोबर.

"अठ्ठावन्न." तेही बरोबर. माझा पाय हलला असं मला वाटलं नव्हतं.

"तुला कसं कळतं?"

"रोज साठचाच आवाज ऐकते. मशीन तो हलू देत नाही. म्हणून दुसरा आला की लगेच कळतो."

मग हळूच म्हणाली, "आप्पा, तुमचा पाय मधेच सैल पडतो. उजवा गुडघा कधीपासून दुखतोय?"

हे मी घरी सांगितलं नव्हतं. डॉक्टरलाही नाही.

पुढचा सिग्नल लागला. गाडी थांबवली.

"उद्यापासून रांगेत माझ्या मागे लाव," मी म्हणालो. "आणि आता ते बटण दाखव."