ब्राझीलची जुसारा, मुक्काम करी रोड

बायकांची फुटबॉल टीम सांभाळायची म्हणजे किस्से जमतातच. बॉल हरवतात, जर्सी हरवतात, किस्से मात्र हरवत नाहीत. परळच्या आमच्या क्लबची मी मॅनेजर. माझ्याकडचे निम्मे किस्से एकाच सीझनचे आहेत, जुसाराचे.

जुसारा ब्राझीलच्या राष्ट्रीय संघाची फॉरवर्ड. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि संघातली जागा गेली. वय तेहतीस. ‘कुठेतरी पूर्ण सीझन खेळून दाखव, मग बघू,’ असं तिकडच्या कोचनं सांगितलं. तिला घेणारा क्लब निघाला आमचा!

*

तिची राहायची सोय आमची कॅप्टन प्रणाली हिच्या घरी केली, करी रोडला, टॉवरमध्ये बाविसाव्या मजल्यावर. पाहुणी म्हणून प्रणालीच्या आईनं पहिल्याच दिवशी सुरमई तळली. जुसारानं एक तुकडी खाल्ली आणि चवळीची उसळ-भात तीनदा मागून घेतला. तिच्या घरी रोज हेच असतं म्हणे.

“एवढा समुद्र ओलांडून आली, ती चवळी खायला?” आई आठवडाभर हेच म्हणत होती.

*

पहिली मॅच. प्रणालीसमोर रिकामा गोल, गोलकीपर आडवी पडलेली. आणि या बाईनं बॉल मागे जुसाराला दिला! तोवर डिफेंडर आली, बॉल गेला.

मी ओरडले, “मारला का नाहीस?”

“त्या सीनियर आहेत ना!”

जुसाराला हे कळल्यावर ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, “गोलसमोर नो सीनियर!” पुढच्या मॅचला प्रणालीनं दोन मारले.

*

भोईवाड्यातल्या एका मंडळानं तिचा सत्कार ठेवला. बॅनरवर लिहिलं होतं, ‘ब्राझीलच्या माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू’. आमचे ग्राउंड सांभाळणारे नाना, पक्के मालवणी, स्टुलावर चढले आणि ‘माजी’वर पांढरी टेप चिकटवून खाली उतरले.

अध्यक्ष चिडले, “अहो नाना, हे काय?”

“लिस्ट अजून लागूची आसा,” नाना म्हणाले.

*

ब्राझीलच्या संघाची ती लिस्ट शनिवारी लागणार होती. नाव आलं, तर जुसाराला त्याच दिवशी विमान धरायचं होतं. आमची फायनल रविवारी. ती नसेल तर आमचं काही खरं नव्हतं.

गुरुवारी नानांनी मैदानात नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. “बा देवा महाराजा! ह्यां चेडू परमुलखातून आपल्याकडे इलां. तेचो गुडघो बरो झालो. आता तेच्या देशाच्या लिस्टीत तेचां नाव येवंदे रे महाराजा!”

यावर सगळ्यांनी ‘व्हय महाराजा’ म्हणायचं असतं. प्रणालीनं जुसाराला आधीच सगळं समजावून सांगितलं होतं. आवाज उठला, पण जेमतेम. माझाही त्यात फारसा नव्हता.

शनिवारी लिस्ट आली. तिचं नाव नव्हतं.

रविवारी ती नव्वद मिनिटं खेळली, दोन गोल मारले आणि कप आमच्याकडे आला. सगळ्या पोरी नाचत होत्या. प्रणाली तेवढी बाकावर बसून रडत होती. जुसारा तिच्याशेजारी जाऊन बसली, तेव्हा प्रणालीला राहवलं नाही.

“सॉरी. त्या दिवशी मी ‘व्हय महाराजा’ म्हटलंच नाही. नुसते ओठ हलवले.”

जुसारानं शांतपणे बुटांची नाडी सोडली.

“मी पण,” ती म्हणाली.