मोकळ्या प्लॉटची राखण

आमच्या घराला लागून एक मोकळा प्लॉट आहे. मालक पुण्याला असतो. वर्षातून एकदा येऊन हद्दीचे दगड जागेवर आहेत ना, एवढं बघून जातो. आम्ही अमरावतीच्या या कॉलनीत आलो तेव्हा तिथं तरोटा उगवायचा आणि शेळ्या चरायच्या. मग कोणीतरी बाथरूम फोडून त्याचा मलबा आणून टाकला. मलबा पाहून दुसऱ्यानं नारळाच्या करवंट्या टाकल्या, तिसऱ्यानं पिशवी, आणि बघता बघता सगळ्या गल्लीची सोय झाली. ऑफिसला निघालेली माणसं स्कूटीच्या पायदानावर कचऱ्याची पिशवी ठेवून यायची आणि गाडी न थांबवताच पायानं ढकलून द्यायची. ब्रेकसुद्धा लावायची नाहीत. मला त्या सफाईचाच जास्त राग यायचा.

तशी मी मुळात रागीट, आणि पायाला भिंगरी. पण इथं कारण बाबा होते. ढीग वाढला की कोणीतरी त्याला काडी लावायचं. बाबांची खिडकी नेमकी प्लॉटच्या अंगाला, आणि बाबांना दमा. प्लास्टिकचा धूर आत शिरला की आई धावत जाऊन खिडकी लावायची, मी वाफेचं मशीन सुरू करायची, आणि बाबा पलंगाच्या काठावर दोन्ही हात टेकून श्वास ओढत बसायचे. बघणाऱ्यालाच धाप लागावी असं ते दृश्य. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, धुरापासून जपा, आता यांच्या छातीत फारसं काही उरलेलं नाही. ते ऐकल्यापासून मी घरात धड एका जागी बसलेच नाही. पोळी तव्यावर टाकली की खिडकीशी, उलटली की फाटकाशी. माझी शाळा दुपारची. तिथं फळ्यावर गणित लिहिता लिहिता वाटायचं, आत्ता तिकडं कोणी पेटवून राहिलं असेल.

उपाय सगळे केले. ‘येथे कचरा टाकू नये’ अशी पाटी लावली, तर तिच्या खांबाला कोणीतरी बकरी बांधली. फोनवरून मनपाकडं तक्रार केली. उत्तर आलं की तक्रार निकाली काढली. सोबत स्वच्छ जागेचा फोटो होता, फक्त तो आमच्या प्लॉटचा नव्हता. शेजारच्या काकूंनी सुचवलं, देवाची चित्रं असलेल्या फरशा लावून टाक, मग कोणाची हिंमत होते ते बघू. मी फरशा आणायला निघालेच होते. बाबांनी आतून हाक मारली.

“देवाले काहून उभं करतं तिथं? मानसाचं काम हाय, मानसानं करावं.”

मग माणसानं केलं. म्हणजे मी भांडले. सकाळी फाटकाशी उभी राहायचे आणि पिशवीवाली गाडी दिसली की रस्त्यात आडवी व्हायचे. “भाऊ, घर कुठं तुमचं? सांगा ना, मी बी आणून टाकतो काही तुमच्या दारात.” काहीजण वरमले, काहींनी लांबचा रस्ता धरला, एकानं माझ्या डोक्याबद्दल शंका काढली. अकोल्याहून दादाचा फोन यायचा. तो म्हणायचा, “घरचं खाऊन लष्कराच्या भाकरी भाजनं सोड. बाबाले इकडं घेऊन येतो मी.” बाबा जायला तयार नव्हते. त्यांना त्यांचीच खिडकी हवी होती.

शेवटी एक बाई माझ्यावरच उखडली. नवरा-बायको दोघंही नोकरीवाले, आठला घर सोडणारे. ती म्हणाली, “मॅडम, घंटागाडी येते नऊले. तवा घरी कोनी नसते. सडू देऊ का घरातच?” ती बरोबर बोलत होती. मी म्हटलं, माझ्या फाटकाला अडकवून जा. मी देत जाईन.

दुसऱ्या दिवशी एक पिशवी आली, आठवड्याभरात फाटकच दिसेनासं झालं. ओळखीचे पाहुणे आले तर म्हणायचे, दुकान टाकलं का? आई वैतागायची, मीही वैतागायचे, कारण कुत्री माझ्याआधी पोचायची. पण घंटागाडीचं गाणं ऐकू आलं की मी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन धावायचे, आणि प्लॉटवर नवीन काही पडत नव्हतं. जुना ढीग उचलायला मनपाचं जेसीबी आलं, तेव्हा गल्लीतली माणसं बघायला जमली होती. त्या दिवाळीनंतर बाबांची खिडकी दिवसभर उघडी राहू लागली. सकाळचं ऊन त्यांच्या पलंगावर यायचं. ते संत्रं सोलून खायचे आणि सालं माझ्या हातात देऊन म्हणायचे, “हे बी अडकव फाटकाले.”

तरी माझी धडपड थांबली नाही. एक पिशवी पडली की दहा पडतील, ही धास्ती होतीच.

बाबा मार्गशीर्षात गेले. पहाटे, झोपेत, हृदयविकारानं. धुरानं नाही. मी डॉक्टरांना तीन वेळा विचारून घेतलं.

मग घर माणसांनी भरलं. दादा अकोल्याहून आला, भातकुलीहून काका आले. तिसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर मी स्वयंपाकघरात उगाच भांडी घासत होते. हात रिकामे राहिले की मला भीती वाटत होती. प्लॉट मी बाबांसाठी राखत होते. आता तो कोणासाठी राखायचा, हा प्रश्न मी स्वतःला विचारतच नव्हते. तेवढ्यात खिडकीतून दिसलं, काका आणि दादा बाबांची गादी घेऊन प्लॉटवर चालले होते. गेलेल्या माणसाचं अंथरूण आमच्याकडं घरात ठेवत नाहीत. टाकून देतात, नाही तर जाळतात. काकांच्या हातात आगपेटी होती.

मी तशीच ओल्या हातांनी धावले. सगळी गल्ली फाटकांशी उभी होती. ज्यांना ज्यांना मी अडवलं होतं ते सगळे. आता ते आमची गादी बघत होते.

“इथं नाही,” मी म्हटलं.

दादा चिडला. “बाबाची गादी हाय ते. कचरा नोहे.”

“कचरा नोहे तर टाकून काहून राहिला?”

“मंग घरात ठेवता का?” काका म्हणाले. “रीत हाय. तू बाजूले हो.” त्यांनी काडी ओढली. मी ती फुंकून विझवली. काकांनी दुसरी काढली. सुतकातल्या घरची दोन माणसं भर रस्त्यात अशी वागत होती आणि मला त्याची लाजही वाटत नव्हती.

तेव्हा आई बाहेर आली. तीन दिवसांत ती खोलीबाहेर पडली नव्हती. तिनं गादीकडं पाहिलं, काकांच्या हातातल्या काडीकडं पाहिलं, आणि रोजच्या आवाजात म्हणाली,

“पेटवू नका जी. त्यायले धूर नाही सोसत.”

काकांनी काडी पेटीत परत घातली. मग दादानं वाकून गादीचं एक टोक धरलं. दुसरं मी धरलं. आत नेताना तो माझ्याकडं न बघता म्हणाला,

“पिंजून घेतो मी अकोल्याले. कापूस आपल्याच वावरातला हाय. मीच निजत जाईन तिच्यावर.”