बाराचा कागद

मी तेव्हा हट्टी होते, आणि कॉम्प्युटरचं सहा महिन्यांचं शिक्षण झालेलं असल्यामुळे स्वतःला फार शहाणी समजत होते. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मालवण तालुक्यातल्या एका किनाऱ्यावरच्या गावात आंबा बागायतदारांचं हवामान केंद्र होतं, तिथे मी नोकरीला लागले. मोहराच्या दिवसांत रोज बाराच्या ठोक्याला कॉम्प्युटरने आपोआप हवेतली उष्णता आणि ओलावा कागदावर छापायचा, एवढंच काम. प्रोग्रॅम मीच बसवला होता.

बाराचा कागद काही निघत नव्हता. पावणेबाराला मी बागेतली मोजमापं घ्यायला जायची. परत येऊन बघते तर पडद्यावर प्रश्न लुकलुकत असायचा: आजची तारीख काय? वर त्याची स्वतःची समजूत: १ जानेवारी १९८०. रोज दुपारी ते यंत्र सगळं विसरून मागे जाऊन बसायचं. मला भीतीच वाटायची. प्रोग्रॅम ओळ न् ओळ तपासला. वेळ अकराची लावली, कागद आला. साडेअकराची लावली, आला. बाराची लावली की नाही.

बाराला केंद्रात एकटा असायचा तो आमचा शिपाई. पन्नाशीचा, याच गावचा, कमी बोलणारा.

"बाईनू, मी हात लावूक नाय," तो म्हणाला.

माझा विश्वास बसला नाही. देवगडच्या साहेबांना मी लिहून कळवलं की शिपाई रोज बटण बंद करतो. साहेबांचं उत्तर शिपायाच्याच हाती पडलं: गावपळण संपली की येतो आणि त्याचा निकाल लावतो. घरात कमावणारा तो एकटा. त्याने पत्र वाचलं, घडी करून माझ्या टेबलावर ठेवलं आणि पाणी भरायला गेला.

गावपळण म्हणजे देवाच्या हुकमाने अख्खं गाव तीन दिवस शिवेबाहेर जातं. गुरं, कोंबड्या, कुत्रीसुद्धा. मागे जीव म्हणून राहू द्यायचा नाही. कॉम्प्युटरचं काय, असं मी विचारलं तेव्हा मानकऱ्यांनी थोडा विचार करून सांगितलं, "ता जिवंत नाय. रवांदे थयंच."

मी खारेपाटणची, राहायला शेजारच्या गावात. मला हे सगळं थोतांड वाटायचं. शिपाई नसताना कागद निघाला, की चोर सापडला! दुसऱ्या दिवशी साडेअकराला सायकल काढली आणि गुपचूप शीव ओलांडली.

वाळूच्या पुळणीतून सायकल चालेना, म्हणून हातात धरून निघाले. दारं नुसती लोटलेली. दोरीवर एक लुगडं विसरलेलं. कावळासुद्धा नव्हता. मागून कुणीतरी चालतंय असं वाटून मी दोनदा वळले. कुणी नव्हतं, पण मी थांबले की तेही थांबल्यासारखं वाटे.

केंद्राच्या बंद दारापाशी पोचले आणि आतून आवाज आला. खर्र, खर्र. घड्याळात बारा. रिकाम्या गावात, कुलपाच्या आत, कागद छापला जात होता.

झालं, शिपाईच! आनंद व्हायला हवा होता. पण अंगावर काटा आला होता आणि कान काहीतरी शोधत होते. रोज या वेळेला असणारं काहीतरी आज नव्हतं. पायरीवर बसल्यावर उमगलं. देवळामागची भाताची गिरण. मालक नैवेद्य दाखवून बाराला पाच कमी असताना तिची मोटर चालू करायचा. त्या झटक्याने वीज क्षणभर बसत असणार आणि कॉम्प्युटर विसरून जात असणार. भर उन्हात दिवा कोण लावतो? तो झटका कुणाला कळणार?

मला माझीच लाज वाटली. कुलूप न काढता मी परत फिरले.

चौथ्या दिवशी देवाने कौल दिला आणि गाव भरलं. साहेब आले. मी तीन दिवसांचे तीन कागद पुढे ठेवले, गिरण चालू करायला लावली. पडदा काळा झाला, आणि पुन्हा १ जानेवारी १९८०. माझी तक्रार साहेबांनी माझ्यासमोर फाडली, मला दोन शब्द सुनावले आणि गेले.

शिपाई दाराशी उभा होता. हळूच म्हणाला, "बाईनू, तुमच्या सायकलीचो माग शिवेपासून हयसर होतो. लोकांनी बघितला असता तर तुमका हय रवाक दिला नसता. सकाळीच झाडून टाकलंय."

मी टेबलावरचे कागद उगाच सरळ करत राहिले.

"पण बाजूक दुसरी पावलां होती," तो म्हणाला. "अनवाणी. जातानाय आणि येतानाय. तुमच्या वांगडा कोण होता?"

"मी एकटीच होते."

त्याने मान हलवली. "गावचो राखणदार आसतलो. चुकलेल्या माणसाक तो सोबत करता."

मला राखणदाराची भीती वाटली, खोटं कशाला सांगू. पण झोप उडाली ती दुसऱ्याच गोष्टीने. साहेब आले दुपारी. त्याने वाट झाडली सकाळी, मी त्याला अजून चोरच समजते असं माहीत धरून.